नीना पेत्रोव्नांचं हवामान

बहरीनमध्ये मी रशियन शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "पण शिकायला येतं कोण?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की एका वेळी सात-आठ मुलं येतात. त्याहून जास्त कधी झाली नाहीत आणि आता होतील असंही वाटत नाही.

या मुलांच्या आया रशियन. वडील बहरीनी, लेबनीज, केरळी, एखादे आपले मराठी. आई सलूनमध्ये, दातांच्या दवाखान्यात, नाहीतर हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करते. घरात सगळ्यांना समजेल म्हणून इंग्रजी चालतं, शाळेत इंग्रजी आणि अरबी. आई रशियन बोलते, मुलाला समजतं आणि ते उत्तर इंग्रजीत देतं. ही तक्रार मराठी घरांना नवी नाही. माझा मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे आणि माझ्या मराठीला तो आजही इंग्रजीतच उत्तर देतो, तेव्हा या बाबतीत मी कुणाला शहाणपण शिकवू शकत नाही.

मग आया स्वतः का शिकवत नाहीत? एकीनं मला सरळ सांगितलं, "मी शिकवायला बसले की पाचव्या मिनिटाला तो रडतो, दहाव्या मिनिटाला मी." परक्या बाईसमोर मूल रडत नाही, एवढंच माझं भांडवल.

मी मूळची गणिताची. पुण्यात शिकत असताना रशियन गणिताची पुस्तकं फार स्वस्त मिळायची. भाषांतरित झालेली वाचून संपली, तेव्हा मूळ वाचता यावीत म्हणून संध्याकाळच्या रशियनच्या वर्गाला जाऊ लागले आणि गणितापेक्षा त्यातच रमले. पुढे लग्न झालं. श्रीकांतला इथल्या बँकेत नोकरी होती म्हणून बहरीन. ईसा टाउनमधल्या भारतीय शाळेत पंधरा वर्षं गणित शिकवलं. रशियनची शिकवणी दर शनिवारी सकाळी, उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमध्ये. शाळा सोडली, शिकवणी राहिली.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पालकांनाही मी ती पहिल्या भेटीत सांगते. मी रशियाला कधीही गेलेले नाही. बर्फ पडण्याचे, साचण्याचे, वितळण्याचे वेगवेगळे रशियन शब्द मी शिकवते आणि प्रत्यक्ष पाहिलेला बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो.

लहान मुलांच्या रशियनची सुरुवात ऋतू आणि हवामानापासून होते. तिकडच्या बालवाडीत रोज सकाळी एक मूल उठून आज हवा कशी आहे ते सांगतं आणि तक्त्यावर सूर्य, ढग, नाहीतर पाऊस लावतं. ही पद्धत मला स्वेतानं सांगितली. स्वेता म्हणजे युसुफची आई, दवाखान्यात परिचारिका. वर्गाला मधूनमधून येऊन बसायची आणि माझे उच्चार सुधारायची. शिक्षिकेला नुसतं नावानं हाक मारणं तिला पटेना. रशियन रिवाजाप्रमाणे वडिलांचं नाव जोडायला हवं. माझ्या वडिलांचं नाव वसंत. तेव्हापासून मी मुलांची मेधा वसंतोव्ना झाले. वडील हयात असते तर त्यांना मौज वाटली असती.

रशियन ऋतू चार. पहिल्याच पाठात युसुफनं हरकत घेतली. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. मी ल्येता, म्हणजे उन्हाळा, असं लिहून विचारलं, उन्हाळ्यात काय होतं? पुस्तकात अपेक्षित उत्तर होतं, फुलं फुलतात, आपण नदीत पोहतो. युसुफ म्हणाला, "वुई गो टू द एअरपोर्ट." बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. आखाती मुलांना उन्हाळा म्हणजे देश सोडून जाण्याचे दिवस. ते खोटं नव्हतं, म्हणून मी फळ्यावर विमान काढलं.

शरद म्हणजे पानगळ. ती इथं दाखवायची कशी? आमच्या गल्लीत एका बंगल्याच्या कुंपणाला देशी बदामाचं झाड आहे. हिवाळ्यात त्याची पानं लाल होऊन पडतात. मी मुलांना तिथं नेलं. त्यांनी पानं गोळा केली, उधळली, शब्द म्हटले. झाडूवाला बांगलादेशी होता, त्यानं नुकताच तो रस्ता झाडला होता. तो मला हिंदीत म्हणाला, "मॅडम, आप टीचर हो ना?" मी पुढच्या वेळी पिशवी घेऊन गेले.

हिमवादळ शिकवलं तेव्हा एका मुलीनं ते तपकिरी खडूनं रंगवलं. तिनं पाहिलेलं वादळ धुळीचं होतं. मी म्हटलं, असंच, फक्त पांढरं. आणि कडाक्याची थंडी, मरोज, शिकवताना मी फ्रीजरचं दार उघडून प्रत्येकाला हात आत घालायला लावायची. स्वेता एकदा शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मेधा वसंतोव्ना, सगळं ठीक आहे, पण मरोजला सुरमईचा वास येत नाही."

हवामानाच्या तक्त्याची मात्र अडचण झाली. मे ते ऑक्टोबर रोज एकच सूर्य. मुलं कंटाळली. तेव्हा मी एक युक्ती काढली. दर शनिवारी एका मुलानं रशियातल्या आजीला फोन लावायचा, सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि विचारायचं, तुमच्याकडे हवा कशी आहे? आजी सांगेल ते फळ्यावर लिहायचं: तापमान, वारा, आकाश. शेजारी आमच्या मनामा शहराचं. मुलांना प्रश्न पाठ, आजीला उत्तर सोपं, आणि मला फळ्यावर दर शनिवारी खरे आकडे. ही माझ्या शिकवणीतली सर्वांत यशस्वी गोष्ट होती. युसुफची आजी आधी गुडघे, मग टोमॅटो, मग शेजारीण आणि सर्वांत शेवटी हवामान सांगायची. पण तिचा नातू तिच्याशी बोलत होता, आणि पूर्वी बोलत नव्हता.

याच वर्गात सुजाता आली.

तिच्या वडिलांची आणि माझी ओळख मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात झाली. मिलिंद अकोल्याकडचे. गोठवलेलं मांस आणि मासळी साठवणाऱ्या एका कंपनीत शीतगृहांची यंत्रं सांभाळतात. कोपऱ्यात माझ्याजवळ येऊन ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही रशियन शिकवता म्हणे. माह्या पोरीले शिकवा."

मी विचारलं, "आई रशियन आहे का?"

"होती," ते म्हणाले. "दोन वर्षं झाले."

सुजाताची आई, लीना, दवाखान्यात कामाला होती. आजारपण चार महिन्यांचं. तेव्हा सुजाता सहा वर्षांची होती. लीनाची आई उरल पर्वताकडच्या एका कारखान्याच्या गावात एकटी राहायची. पायांच्या दुखण्यामुळे तिला विमानाचा प्रवास जमत नव्हता. नातीला तिनं प्रत्यक्ष पाहिलं होतं ते एकदाच, ती पाळण्यात असताना.

"मले त्यायच्याशी बोलता येत नाई," मिलिंद म्हणाले. "फोन लागला की त्या तिकडून हसते, मी इकडून हसतो. मंग ठेवतो. लीना होती तवा तिले सारं येत होतं. आता पोरीलेच यायला पाहिजे. नाईतर त्यायचं आमचं संपलंच."

काय हवं आहे ते इतकं स्पष्ट सांगणारा पालक मला दुसरा भेटला नाही.

सुजाता बोलायची कमी, लिहायची नीट. तिला वऱ्हाडी समजायची, ती इंग्रजी बोलायची, आणि आईकडून ऐकलेलं रशियन तिच्या कानात कुठंतरी शाबूत होतं. तिसऱ्या शनिवारी तिची पाळी आली. तिनं फोन लावला आणि कागदाकडे न बघता विचारलं, "काकाया उ वास पगोदा?" तुमच्याकडे हवा कशी आहे?

 मला वाटलं फोन कटला. मग आवाज आला, "अधिक तीन. वारा वायव्येकडून, मध्यम. ढग खाली आहेत." आणि थोडं थांबून, "सुजातच्का."

सुजाताचं लाडाचं रशियन रूप ते. वर्गात सगळे हसले. तीही हसली.

या आजीचं नाव नीना पेत्रोव्ना. कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झाल्या होत्या. उंचावर बसून काम केलेल्या बाईला वाऱ्याची किंमत कळते, म्हणून त्या वारा कधी विसरत नसत. गुडघे नाहीत, टोमॅटो नाहीत. आकडा, वारा, आकाश. खरं सांगायचं तर सगळ्या आज्यांमध्ये माझी आवडती आजी हीच. सुजाताची पाळी नसली तरी मी महिन्यातून दोनदा तिलाच फोन लावायला सांगायची. हळूहळू हवामानाच्या पुढं एखादं वाक्य जाऊ लागलं. आज काय जेवलीस. केस कोण विंचरतं. एकदा नीना पेत्रोव्नांनी विचारलं, "बाबा रागावतात का?" सुजातानं विचार करून सांगितलं, "बाबा उष्ण नाही." थंड नाही म्हणायचं होतं की रागीट नाही, कुणास ठाऊक. तिच्याकडे शब्द हवामानाचेच होते. आजीला ते पुरलं.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मिलिंदनी ठरवलं, की शाळेच्या हिवाळी सुट्टीत पोरीला आजीकडे न्यायचं. स्वतः चार दिवस राहून परत यायचं, सुजाता तीन आठवडे राहील, मग तिचा मामा तिला आणून सोडेल. तिकिटं काढली, व्हिसा झाला. सुजाता नऊ वर्षांची झाली होती. आजीला ही बातमी तिनं वर्गातूनच दिली. वाक्य मी लिहून दिलं होतं, पण तिनं ते न बघता म्हटलं.

निघायच्या आदल्या शनिवारी मिलिंद तिला सोडायला आले आणि गेले नाहीत, दाराशीच उभे राहिले. स्वेता त्या हिवाळ्यात तिच्या आईच्या आजारपणासाठी रशियात होती, त्यामुळे वर्गात रशियन जाणणारं मोठं माणूस मी एकटी. सुजातानं फोन लावला.

नीना पेत्रोव्ना म्हणाल्या, "उणे चार. वारा नाही. आकाश स्वच्छ."

सुजातानं फळ्यावर उणे चार लिहिलं.

"मॅडम," मिलिंद म्हणाले, "माह्या फोनात उणे सव्वीस दाखवते."

मी म्हटलं, "दुसरं गाव लागलं असेल."

"गाव तेच आहे. काल सूकच्या बाजारात पोरीसाठी जॅकेट घ्यायले गेलो. दुकानदार म्हणे, कितीच्या थंडीचं पाहिजे? म्हणून पाहिलं. काल उणे चोवीस, आज सव्वीस. त्या तर महिनाभरापासून चार अन् पाच सांगून राहिल्या."

मी माझ्या फोनवर पाहिलं. सव्वीसच होतं. मागचे दिवस पाहिले. तेही तसेच.

फळ्यावर चुकीचा आकडा मी आयुष्यात कधी राहू दिलेला नाही. फोन हातात घेऊन मी म्हटलं, "नीना पेत्रोव्ना, इथं आम्हाला उणे सव्वीस दिसतंय."

त्या मग म्हणाल्या, "माझ्या खिडकीशी चार आहे."

मी आकडा पुन्हा वाचून दाखवला.

"सव्वीस," त्या म्हणाल्या. "बरं. सव्वीस."

मी सुजाताला खूण केली. तिनं चार पुसून सव्वीस लिहिलं.

मिलिंद फळ्याकडे बघत होते. "मॅडम, मी तुम्हाले सांगतो, उणे सव्वीस काय असते. आमची मासळीची रूम उणे पंचवीसची आहे. जॅकेट, बूट, टोपी, सारं घालून आत जातो. पंधरा मिनिटं झाले की बाहेर यावंच लागते, नियमच आहे. मिशीवर बर्फ जमते. बाहेर आल्यावर बोटं वाकत नाई. तिथं मी मासळी ठेवतो, मॅडम. तिथं पोरगी ठेवू का, तीन आठवडे?"

"घरात गरम असतं," मी म्हटलं. तेवढं मी वाचलं होतं.

पलीकडून नीना पेत्रोव्ना विचारत होत्या, "काय म्हणतो तो? काय म्हणतो?" मी त्यांना सांगितलं, मुलीला थंडी सोसणार नाही अशी त्यांना भीती वाटते. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "घरात अधिक पंचवीस आहे. पोर अनवाणी फिरेल. सांग त्याला, घरात अधिक पंचवीस." मी ते जसंच्या तसं सांगितलं.

मिलिंद म्हणाले, "आत्ता चार म्हणे, आता पंचवीस म्हणते."

तो पंचवीसचा आकडा खरा होता. तिकडे कारखान्याच्या वाफेवर अख्खी गावं तापवतात, घरात लोक बनियनवर बसतात. पण त्या क्षणी नीना पेत्रोव्नांच्या कुठल्याच आकड्याची पत राहिली नव्हती.

"तुमचं काय मत आहे?" मिलिंदनी मला विचारलं. "लेकरू राहू शकते काय तिथं?"

मी उत्तर दिलं ते शब्दशः आठवतं. "मी पाहिलेलं नाही. पुण्यात एकदा सात अंश होतं, त्याखालचं मला ठाऊक नाही. आकडा मात्र सव्वीसच खरा आहे."

"मंग खलास," ते म्हणाले.

सुजातानं विचारलं, "सो आय अॅम नॉट गोइंग?"

"जूनमध्ये जाऊ, माय. सोबत जाऊ, दोघं."

"इन जून देअर इज नो स्नो."

"बरंच आहे ना मंग."

नीना पेत्रोव्नांना एकही शब्द कळला नसेल, पण सूर कळला असावा. मी सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "समजलं," आणि फोन बंद झाला.

त्या वेळी मला काय वाटलं? मिलिंदचा निर्णय मला सावध बापाचा वाटला. आजीनं असं करायला नको होतं, असंही वाटलं. संध्याकाळी श्रीकांतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हातारीनं भाव पाडून माल खपवायला पाहिला." मी हसले होते.

जानेवारीत सुजाताची पाळी पुन्हा आली. नीना पेत्रोव्नांनी सांगितलं, "उणे एकतीस. वारा उत्तरेचा, जोराचा. आकाश काळं." मी फोनवर पाहिलं, बरोबर होतं. त्यानंतर त्यांनी एकदाही आकडा कमी करून सांगितला नाही. जूनचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. आज काय जेवलीस हेही त्या विचारीनाशा झाल्या. हवामान सांगायच्या, सुजातच्का म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. सुजाता लिहायची. अक्षर तिचं तसंच नीट होतं.

एप्रिलमध्ये, एका बुधवारी संध्याकाळी, बाप-लेक माझ्या दाराशी आले. सुजाताच्या मामाचा फोन आला होता. मामाला इंग्रजी येत नाही, म्हणून मिलिंदनी फोन पोरीच्या हातात दिला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बापाला सांगितलं, "समथिंग अबाउट बाबुश्का. आय डोन्ट नो द वर्ड्स."

मी मामाला फोन लावला. आजीच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, बोलणं गेलं होतं. मी मिलिंदना सांगितलं. इस्पितळ, दुखणं, शुद्ध, बेशुद्ध हे शब्द माझ्या फळ्यावर आलेच नव्हते. आजारपणाचा पाठ मी पुढच्या वर्षासाठी ठेवला होता.

व्हिसा आणि रजेची खटपट चालू असतानाच, तिसऱ्या दिवशी, नीना पेत्रोव्ना गेल्या. मामाचं बोलणं मराठीत आणि मिलिंदचं रशियनमध्ये करायला मी होते. मिलिंद सारखे एकच म्हणत होते, "त्यायले सांगा, जूनचे तिकीट पाहून ठेवले होते." मी सांगितलं. मामा म्हणाला, "हो, हो." त्याला ते ऐकण्यात काही उरलं नसावं.

सुजाता पुढच्या शनिवारी आली. फोनची पाळी युसुफची होती. त्याची आजी टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलत होती. सुजातानं वही बंद केली आणि फोन संपेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन पाणी पीत राहिली. त्यानंतर ती आली नाही. मी मिलिंदना फोन केला. ते म्हणाले, "नाई म्हणते, मॅडम. कोणाशी बोलू म्हणते."

मे महिन्यात स्वेता परतली. मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्या ओट्यापाशी काकड्या चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"सव्वीसला लहान वर्गांना सुट्टी देतात," ती म्हणाली. "सुट्टी मिळाली की आम्ही दिवसभर बाहेर. उतारावर घसरायला. संध्याकाळी आईला आम्हाला ओढून घरात आणावं लागायचं. माझा धाकटा भाऊ तान्हा असताना दुपारी अंगणात झोपवायचा, बाबागाडीत, थंडीतच. छान झोपायचा."

"आकडा बरोबर होता," मी म्हटलं.

"आकडा बरोबर होता," ती म्हणाली. "मला फोन का नाही केलास?"

 सुचलंच नाही, हे खरं उत्तर. दोन मोठी माणसं फळ्यासमोर उभी होती. एकानं थंडी खोलीत बंद केलेली पाहिली होती, दुसरीनं पुस्तकात. आकड्यावर आमचं एकमत झालं होतं, त्यामुळे आणखी कुणाला विचारायची गरज दोघांनाही वाटली नाही.

स्वेतानं सांगितलेलं मी मिलिंदना कळवलं नाही. कळवून काय होणार होतं? बाईंनी लपवलं असं कुणी म्हणेल तर म्हणो. शिकवणीत मात्र मी एक बदल केला. आजीनं तापमान सांगितलं की मुलांनी आणखी एक प्रश्न विचारायचा: बाहेर कोण आहे? मग आज्या खिडकीशी जातात आणि सांगतात, दोन मुलं घसरतायत, एक म्हातारा कुत्र्याला फिरवतोय, बाई गालिचा बर्फावर टाकून झोडपतेय. आज्यांना हा प्रश्न फार आवडतो. फोन लांबतात. ही सुधारणा ज्या आजीसाठी करायला हवी होती ती सोडून बाकी सगळ्यांच्या उपयोगी पडली.

गेल्या जानेवारीत मिलिंदचा त्यांच्या आवाजातला एक निरोप फोनवर आला. नीना पेत्रोव्नांचं घर रिकामं करायचं होतं, आणि लीनाच्या लहानपणीच्या काही वस्तू सुजातासाठी काढून ठेवल्या आहेत, असं मामानं कळवलं होतं. म्हणून बाप-लेक सुट्टीत तिकडे गेले होते. मला ते ठाऊक नव्हतं. मी भाजी घेऊन गाडीत बसले होते, तिथंच निरोप ऐकला.

"मॅडम, मिलिंद बोलतो. आम्ही इकडे आलो, पोरीच्या आजीच्या गावाले. उणे चोवीस आहे आज. बिल्डिंगच्या अंगणात उभा आहो, अर्धा तास झाला. टोपी काढून पाहिली. काही होत नाई, मॅडम. नाक दुखते थोडं. ऊन पडलं आहे लख्ख. वारं नाई."

मग बुटांखालच्या बर्फाचा करकर आवाज.

"आमच्या रूममध्ये पंखे असतात ना, मॅडम. कॉइलवरचे, गार नळ्यांवरचे, मोठे. ते सारखे अंगावर हवा मारतात. त्याच्यानं पंधरा मिनिटांत बाहेर यावं लागते. थंडीनं नाई, पंख्यानं. वीस वर्षांपासून ते पंखे मीच बसवतो. अन् त्या दिवशी तुमच्या घरी मले पंखाच आठवला नाई."

मागं मुलांचा गलका चालू होता. त्यातून सुजाताचा आवाज वर आला. घसरगाडीवर कुणीतरी दोनदा बसलं होतं आणि आता तिची पाळी होती, असं ती भांडून सांगत होती. भरभर, रशियनमध्ये. त्यातले निम्मे शब्द मी तिला शिकवलेले नव्हते. तीन-चार दिवसांत अंगणातून उचलले असतील.

"ऐकू येते काय?" मिलिंद म्हणाले. "पोरगी भांडून राहिली."

निरोप तिथं संपला. मी दोनदा लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, "येतंय."